जुना डिझेल ट्रक सकाळी चालू होत नाही? पंप उतरवायच्या आधी हे बघा

संध्याकाळी ट्रक व्यवस्थित चालत आला, उभा केला, बंद केला. सकाळी सेल्फ मारला तर इंजिन नुसतं गरागरा फिरतंय, पकडतच नाही. थोडं थांबून परत मारला, परत थांबलो, बॅटरी रडकुंडीला आली आणि मग अचानक एक सिलिंडर पकडतो, मग दुसरा, जरा वेळ इंजिन लंगडत फिरतं आणि धुराचा एक लोट सोडून चालू होतं. त्यानंतर दिवसभर काही नाही, किल्ली फिरवली की चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोच तमाशा.

पंधरा-वीस वर्षं जुना डिझेल ट्रक ज्याच्याकडे आहे त्याने हे बघितलेलं असतंच. आणि त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं, "पंप गेला" नाहीतर "नोझल गेले". पंप म्हणजे डिझेलला दाब देणारा, आणि नोझल म्हणजे ते सिलिंडरमध्ये फवारणारे. म्हणजे डिझेल लाइनमधली सगळ्यात महाग वस्तू आधी खोलायची. मी स्वतः एकदा हे केलंय, सहाच्या सहा नोझल काढून सेट करून आणले, परत बसवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक तसाच. शेवटी सापडलं काय, तर एका झाकणाखालची कडक झालेली रबरी रिंग. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की जुन्या ट्रकची डिझेलची तक्रार टाकीकडून शोधत यायची, इंजिनकडून नाही. का, ते समजायला थोडं मुळापासून सांगावं लागेल.

डिझेल इंजिनला नक्की काय लागतं

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तेच इथे फार मोठ्या प्रमाणात होतं. पिस्टन वर येताना हवेला तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या भागात कोंबतो आणि ती हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं तत्त्व हेच, आजपर्यंत तेच चालू आहे.

म्हणजे जुन्या साध्या डिझेल इंजिनाला चालू व्हायला दोनच गोष्टी लागतात, पुरेशी तापलेली हवा आणि योग्य क्षणी योग्य दाबाने आलेलं डिझेल. यातलं काय कमी पडतंय हे ओळखायची एक फुकटची युक्ती आहे, आणि मला आश्चर्य वाटतं की कितीतरी लोक ती बघतच नाहीत. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाशी उभे रहा. इंजिन फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. मग ग्लो प्लग (थंड इंजिनात हवा तापवणारा प्लग) किंवा हीटर, बॅटरी, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन, टायमिंग तिकडे बघा. पण इंजिन फिरतंय आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाहीये. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या प्रकारच्या गाडीसाठी आहे.

आता हे काम किती नाजूक आहे बघा. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला १००० वेळा फवारा जातो, सहा मिळून ६०००, म्हणजे सेकंदाला १००. आणि प्रत्येक फवारा केवढा? गाडी न्यूट्रलला उभी असताना एका थेंबापेक्षाही कमी, पूर्ण लोडवर फार तर दोन-तीन थेंब. एवढंसं माप मोजून द्यायचं असेल तर मध्ये एखादा हवेचा बुडबुडा आला तरी हिशोब बिघडणारच.

टाकीपासून नोझलपर्यंतचा रस्ता

रस्ता असा. टाकीत एक उभी नळी बुडवलेली असते, तिच्यातून डिझेल वर खेचलं जातं. मग सेडिमेंटर, म्हणजे पाणी आणि जड घाण खाली बसवणारा वाडगा. मग फीड पंप, जो डिझेल खेचून पुढे ढकलतो, त्यालाच बहुतेक वेळा हाताने दाबायचा प्रायमर असतो. मग बारीक फिल्टर. मग इंजेक्शन पंप, ज्याला सगळे नुसतं 'पंप' म्हणतात. तिथून लोखंडी जाड नळ्यांनी नोझलकडे. उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने परत टाकीत. ट्रकप्रमाणे क्रम थोडा इकडेतिकडे होतो पण मंडळी हीच.

या रस्त्याचे दोन भाग आहेत आणि पुढचं सगळं समजायला हे दोन भाग डोक्यात ठेवा. पंपाच्या आधीचा सगळा भाग कमी दाबाचा, आणि त्यातही टाकी ते फीड पंप हा तुकडा तर खेचण्याचा, म्हणजे तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी. पंपाच्या पुढचा भाग जास्त दाबाचा. किती जास्त? ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार हवा असते असं धरा, जुन्या पद्धतीचा नोझल उघडतोच मुळी २०० बारच्या आसपास. जुना उभा इनलाइन पंप, जो बॉश कंपनीने १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणात बनवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातले पंप कितीतरी जुन्या ट्रकवर अजून आहेत. नंतर कॉमन रेल आलं, ट्रकमध्ये १९९५ पासून. त्यात सगळ्या नोझलसाठी एकच दाबाची नळी कायम भरलेली असते आणि दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो.

गंमत अशी की जास्त दाबाचे पार्ट फार उत्तम धातूचे आणि कमालीच्या अचूक मापाचे असतात, आणि कमी दाबाचा भाग म्हणजे रबरी पाईप, क्लिपा, वायसर, प्लास्टिकचा प्रायमर. मग वयानुसार आधी काय म्हातारं होणार? पण संशय नेहमी पंपावरच.

हवा: न दिसणारा चोर

स्ट्रॉने काहीतरी पिताय आणि स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीएवढं भोक आहे. काय होतं? स्ट्रॉमधून बाहेर काहीच सांडत नाही, उलट भोकातून हवा आत येते आणि तोंडात अर्धा घोट पेय अर्धा घोट हवा. जुन्या ट्रकच्या खेचणाऱ्या लाइनमध्ये अगदी हेच होतं. पाईपला केसाएवढी भेग, क्लिप सैल, तांब्याचा वायसर तीन वेळा वापरून चपटा झालेला, सेडिमेंटरच्या झाकणाची रिंग कडक झालेली, प्रायमरच्या दांड्याची सील गेलेली, यातल्या कुठूनही हवा आत शिरते.

आता सकाळचं कोडं. तीच स्ट्रॉ पेल्यात बुडवा, वरच्या टोकावर बोट ठेवून बाहेर काढा, आतलं पेय तसंच लटकून राहतं. बोट जरा उचला, सगळं खाली. ट्रकमध्ये टाकी खाली असते आणि पंप वर. गाडी बंद असताना लाइनमधलं डिझेल वर लटकून रहायला हवं, पण कुठे बारीक फट असेल तर रात्रभर तिथून हवा हळूहळू आत येते आणि डिझेल गुरुत्वाकर्षणाने हळूहळू टाकीत उतरतं. सकाळी पंपापाशी नुसती हवा. सेल्फने इंजिन फिरवून फिरवून फीड पंप परत डिझेल वर खेचतो तेव्हा कुठे गाडी पकडते. दिवसभर मात्र मधल्या तासा-दोन तासाच्या थांब्यात एवढं उतरायला वेळच मिळत नाही, म्हणून दिवसभर सगळं ठीक.

फीड पंपाच्या आतल्या एकतर्फी झडपा झिजल्या किंवा त्यात कचरा अडकला तरी डिझेल असंच मागे उतरतं, हे पण लक्षात असू द्या.

आणि हवा थोडी असली तरी एवढा त्रास का? एक सिरिंज पाण्याने भरा, पुढचं तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा, हलणार नाही. आता त्यात थोडी हवा राहू द्या आणि दाबा, दांडा आत जातो पण बाहेर काहीच येत नाही, कारण हवा दबते. पंपाचं पण तसंच, तो दाब द्यायला जातो आणि ती सगळी मेहनत बुडबुडा दाबण्यात जाते, नोझल उघडायचा दाब तयारच होत नाही.

याची खात्री करायला एक पैसाही लागत नाही. एका संध्याकाळी ट्रक अशा उतारावर उभा करा की तोंड खाली आणि टाकी वर राहील, चाकांना नीट ओट, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावून. सकाळी पटकन चालू झाला आणि तोंड वर करून उभा केल्यावर त्रास वाढला, तर डिझेल मागे उतरतंय हे जवळपास नक्की. टाकी फुल असताना त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त होत असेल तर तेही याच बाजूची खूण. किंवा सकाळी सेल्फ मारायच्या आधी प्रायमर दाबा, वीस-तीस वेळा दाबल्यावर तो कडक लागला आणि मग इंजिन लगेच पकडलं तर उत्तर मिळालं.

"पण खाली थेंबही सांडत नाही, मग लिकेज कसलं?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि खरं तर उत्तर वरच दिलंय. खेचणाऱ्या बाजूची फट डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. कधी कधी जोडाभोवती नुसता ओलसर धुळीचा थर दिसतो, गाडी बंद असताना जरासं पाझरतं म्हणून, पण बऱ्याचदा तेवढंही नाही. म्हणून जमिनीवर डाग शोधत बसलात तर लिकेज सापडणार नाही.

सापडतं कसं? पंपाच्या अगदी आधीचा रबरी पाईप काढून तिथे वीतभर पारदर्शक पाईप लावा, डिझेल सहन करेल असा. इंजिन चालू करा आणि बघत रहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ते सोडून द्या. नंतरही बुडबुड्यांची माळ चालूच असेल तर हवा येतेय. मग तोच पाईप एकेक जोड मागे नेत जायचं, फिल्टरच्या आधी, फीड पंपाच्या आधी, सेडिमेंटरच्या आधी. ज्या ठिकाणी आधी बुडबुडे नाहीत आणि नंतर आहेत, चोर त्या दोघांच्या मध्ये. कंटाळवाणं काम आहे, एक दुपार जाते, पण अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा बरं.

रिटर्न लाइन विसरू नका. नोझलवरून जाणारे ते बोटाएवढे पण नसलेले कापडी वेष्टनाचे पाईप, त्यांना कोणी हात लावत नाही आणि तेच वाळून तडकतात, मग काही इंजिनांत तिथूनही रात्री हवा शिरते.

टाकी: जिथे कोणी डोकावत नाही

ट्रक जुना म्हणजे टाकी पण तेवढीच जुनी, आणि टाकीतल्या गोष्टी फार विचित्र लक्षणं दाखवतात.

एक. गाडी छान चालते, तासाभराने दम तोडते, बंद पडते. झाकण उघडलं की फुस्स आवाज, मग परत चालू, परत तासभर छान. टाकीतून डिझेल जाईल तशी त्या जागी हवा आत यायला हवी, त्यासाठी झाकणात किंवा वेगळ्या नळीने वाट ठेवलेली असते. ती माती-चिखलाने बुजली की टाकीत निर्वात तयार होतो. प्लास्टिकच्या बाटलीला तोंड घट्ट लावून पाणी ओढत राहिलात की बाटली चेपते आणि पाणी यायचं बंद होतं, तसंच. दुरुस्ती म्हणाल तर भोक साफ करणं. यावर फीड पंप बदललेले लोक आहेत.

दुसरी अजून भारी. टाकी अर्ध्याच्या वर असली की गाडी उत्तम, अर्ध्याच्या खाली गेली की हवा घेते. टाकीतल्या उभ्या नळीला मध्येच गंजून तडा गेलेला असतो. डिझेल तड्याच्या वर आहे तोवर काही नाही, पातळी खाली गेली की तडा उघडा पडतो आणि नळी हवा पिते. बाहेरचे सगळे जोड तपासून माणूस वेडा होतो.

आणि तिसरी म्हणजे टाकीत पडलेला कचरा. फाटलेली जाळी, प्लास्टिकचा तुकडा, जुन्या झाकणाचं रबर. चढावर डिझेलची ओढ वाढली की तो तुकडा जाऊन नळीच्या तोंडाला चिकटतो, गाडी बंद. मेकॅनिक येईपर्यंत ओढ थांबलेली, तुकडा सुटून बाजूला गेलेला, गाडी चालू, मेकॅनिकला वाटतं यांचंच काहीतरी चुकलं. अशा वेळी टाकी उतरवून धुणं सोडून दुसरा उपाय नाही.

पाणी आणि त्यात राहणारे पाहुणे

अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दवासारखी जमते आणि खाली ओघळते. पाणी डिझेलपेक्षा जड, लिटरला एक किलो, डिझेल भरतं साधारण ८२०-८५० ग्रॅम, म्हणून पाणी तळाशी बसतं. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं. लोखंडी टाकी तिथून गंजते आणि तो गंज पुढे फिल्टरमध्ये जातो.

पंप आणि नोझलच्या आत वेगळं ऑईल बहुतेक ठिकाणी पोचतच नाही, डिझेलच त्यांचं वंगण. आत सरकणाऱ्या दांड्यात आणि त्याच्या घरात दोन-चार मायक्रॉनची फट असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. एवढ्या फटीत डिझेलऐवजी पाणी शिरलं की वंगण गेलं, घासाघीस सुरू, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर गंज. गरम नोझलच्या टोकाशी पाण्याची झटकन वाफ होऊन टोकच खराब होऊ शकतं.

पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. डिझेल खातात, पाण्यात राहतात. फिल्टर उघडल्यावर काळपट बुळबुळीत शेवाळासारखं काही दिसलं तर हे तेच. नुसता फिल्टर बदलून भागत नाही, दोन आठवड्यांत परत तुंबतो. जंतुनाशक औषध मिळतं, पण ते मेलेलं शेवाळ कुठे जाणार? परत फिल्टरमध्येच. टाकी साफ करून, पाणी काढून, मग औषध, असा क्रम हवा.

रोजचं काम एवढंच की सकाळी गाडी हलवायच्या आधी, रात्रभर पाणी खाली बसलेलं असताना, सेडिमेंटरचा स्क्रू सैल करून थोडं एका पारदर्शक बाटलीत सोडायचं. खाली वेगळा थर दिसला की स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं. आणि मुक्कामाला टाकी शक्यतो भरलेली ठेवायची, रिकामी जागा कमी तर दव कमी. मग तो स्क्रू नीट बसवा, नाहीतर पाणी काढायला गेलो आणि हवेची नवीन वाट करून आलो असं होतं (झालंय).

"हल्लीच्या डिझेलनेच जुन्या गाड्या बिघडतात"

हे वाक्य प्रत्येक जुन्या ड्रायव्हरच्या तोंडी आहे आणि ते पूर्ण खोटं नाही, पण कारण सांगतात ते बहुतेक वेळा अर्धवट असतं. डिझेलमधलं गंधक म्हणजे सल्फर पूर्वी हजारांत, मग शेकड्यात असायचं, मोजायचं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती. अमेरिकेत हायवेवरच्या डिझेलसाठी २००६ पासून १५ पीपीएम, युरोपात २००९ पासून १० पीपीएम, भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम. धुरासाठी आणि नवीन गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या यंत्रणेसाठी हे गरजेचं होतं.

पण गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणा देणारे काही घटक पण निघून जातात. रिफायनरीला हे माहीत आहे, म्हणून तिथेच वंगण देणारं रसायन मिसळतात, आणि ते तपासायची रीतसर चाचणी आहे. ६० अंशांच्या डिझेलमध्ये बुडवून स्टीलची गोळी पट्टीवर घासतात आणि झिजेचा डाग मोजतात, युरोपीय मानकात तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. म्हणजे नवीन डिझेल 'कोरडं' म्हणून पंप खाईलच असं नाही.

खरा फटका रबराला बसतो. जुन्या सील वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये भिजून फुगलेल्या असतात आणि त्या फुगण्यावरच घट्ट बसलेल्या असतात. डिझेलची घडण बदलली की रबर आकसतं, म्हाताऱ्या रबराला परत ताणायची ताकद नसते, आणि जोड पाझरायला किंवा हवा घ्यायला लागतो. वनस्पती तेलापासून बनवलेलं बायोडिझेल मिसळलेलं असेल तर अजून एक भानगड, ते चांगलं विरघळवणारं आहे, टाकीत वीस वर्षं चिकटलेला मळ सोडवून थेट फिल्टरमध्ये आणून टाकतं, शिवाय पाणीही जास्त धरून ठेवतं. लोक म्हणतात नवीन डिझेल घाण आहे. घाण टाकीतलीच जुनी असते, ती फक्त सुटली. त्यामुळे इंधन बदलल्यावर पहिले एक-दोन फिल्टर लवकर बदला आणि सील बदलताना डिझेल-बायोडिझेल दोन्ही सहन करणारं रबर मागा, विटॉन म्हणून मिळतं.

"फिल्टर तर नवीन टाकलाय"

कधी टाकला, त्यापेक्षा कसा टाकला हे विचारतो मी. त्रास फिल्टर बदलल्यावरच सुरू झाला असेल तर जुनी रबरी रिंग चिकटून राहिली आणि तिच्यावर नवीन बसवली का, वायसर जुनेच वापरले का, हे आधी बघा. दुसरी चूक म्हणजे नवीन फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून लावणं. हेतू चांगला, हवा कमी रहावी, पण मधल्या भोकातून ओतलं तर ते डिझेल न गाळता थेट पंपात जातं. कोरडा लावा आणि प्रायमरने भरा, कॉमन रेलमध्ये तर हे कटाक्षाने.

तुंबलेल्या फिल्टरची खूण वेगळी असते. सकाळी मस्त चालू, न्यूट्रलला मस्त, रिकामी असताना मस्त, पण माल भरून चढाला लागली की ओढत नाही, झटके मारते. कारण न्यूट्रलला डिझेल लागतंच किती, तुंबलेल्या फिल्टरमधूनही तेवढं येतं. फार थंडीत हेच लक्षण डिझेलमधलं मेण गोठून पण येतं, ते ऊन पडल्यावर आपोआप जातं.

"मग पंप-नोझल कधी जातच नाहीत का?"

जातात ना. पण त्यांची भाषा वेगळी असते.

गोल वितरक पंप, ज्याला रोटरी म्हणतात, तो झिजल्याचं सगळ्यात स्पष्ट लक्षण म्हणजे सकाळी थंड असताना पटकन चालू, पण दिवसभर तापून उभी केली आणि दहा मिनिटांनी सेल्फ मारला की पकडत नाही. म्हणजे हवेच्या आजाराच्या बरोबर उलट. आतली फट झिजून वाढलेली असते, थंड डिझेल जाडसर म्हणून कसंबसं काम भागतं, गरम डिझेल पातळ होऊन फटीतूनच निसटतं, सेल्फच्या कमी वेगात दाब बनत नाही. तासाभराने गार झाल्यावर चालू. काही जण अशा वेळी तापलेल्या पंपावर गार पाणी ओततात, कधी गाडी चालू होते पण, आणि कधी पंप आतून जाम होतो. नका करू.

नोझल खराब झाला की फवाऱ्याऐवजी धार किंवा थेंब पडतो. मग एका सिलिंडरचं मिसिंग, खडखडाट, काळा धूर. पण काळा धूर म्हणजे नोझलच असंही नाही, हवा कमी आणि डिझेल जास्त एवढाच त्याचा अर्थ, एअर फिल्टर बुजला किंवा टर्बोचा पाईप फाटला तरी येतो. निळा धूर असेल तर इंजिन ऑईल जळतंय, तो विषय डिझेल लाइनचा नाही.

एका लक्षणाला मात्र थांबायचं नाही. इंजिन ऑईलची पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑईल मोजायच्या काडीला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑईलमध्ये जातंय, फीड पंपाच्या पडद्यातून, पंपाच्या सीलमधून किंवा नोझलकडून. ऑईल पातळ होऊन बेअरिंग जातात, आणि पातळी फारच वाढली तर इंजिन ते ऑईलच इंधन म्हणून ओढून पळत सुटू शकतं, मग किल्ली बंद करून उपयोग नसतो. अशी गाडी चालवायचीच नाही.

"थोडं टू-टी ऑईल घातलं तर? किंवा एक इलेक्ट्रिक पंपच लावला तर?"

टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑईल) किंवा बाटलीतलं ॲडिटिव्ह जुन्या यांत्रिक पंपाला थोडं वंगण देत असेल, मी वाद घालत नाही. पण ते तडकलेला पाईप सांधत नाही. आणि सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असलेल्या गाडीत ते टाकूच नका, त्याची राख तिथेच साठते.

टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावला की खेचण्याची लाइन ढकलण्याची होते. त्रास गायब झाल्यासारखा वाटतो, पण ती फट आहे तशीच आहे, आता हवा आत येण्याऐवजी डिझेल बाहेर येणार, कदाचित गरम सायलेन्सरजवळ. तपासणीपुरता मात्र हा प्रकार उत्तम, अगदी हलक्या दाबाने लाइन भरली की लपलेली फट स्वतःहून ओली होऊन दाखवते.

हात कुठे घालायचा नाही

जास्त दाबाच्या नळीला पिन-होल पडलं असेल तर त्यातून येणारी धार दिसतही नाही आणि ती हातमोजा आणि कातडी फोडून आत डिझेल घुसवू शकते. बाहेर नुसता लाल ठिपका दिसतो, दुखत पण नाही फारसं, आणि काही तासांत हात गमवायची वेळ येते. असं झालं तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना दाबाने डिझेल घुसलंय हे स्पष्ट सांगायचं. धार शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवा, पुठ्ठा ओला होतो.

जुन्या यांत्रिक इंजिनात चालू असताना एकेका नोझलच्या नळीचा नट पान्याने जरासा सैल करून कुठला सिलिंडर काम करत नाही हे बघायची पद्धत आहे. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. तिथे नोझल तपासायचे तर प्रत्येकाच्या रिटर्नला बाटली लावून कोणाकडून किती डिझेल परत येतंय ते बघतात, ज्याची बाटली सगळ्यात आधी भरते तो दोषी.

डबा लावून बघा

हे सगळं वाचून कंटाळा आला असेल तर निदान ही एक चाचणी करा. स्वच्छ डिझेलचा डबा पंपापेक्षा उंचावर, गरम भागापासून लांब, घट्ट बांधा. टाकीकडून येणारी लाइन सोडा आणि डब्यातून एका गाळलेल्या लाइनने थेट पंपाला डिझेल द्या. रिटर्न पण त्याच डब्यात सोडा. हवा काढा, इंजिन चालू करा, बंद करा, आणि रात्रभर तसंच ठेवा, गाडी जागेवरच.

सकाळी पहिल्या सेल्फला पकडलं तर तुमचा पंप आणि नोझल ठीक आहेत, भानगड टाकी ते पंप या पट्ट्यात आहे. डबा लावूनही तोच त्रास असेल तर मात्र पंपवाल्याकडे जा, आता त्याच्या हातात गाडी देताना तुम्हाला निदान कारण माहीत आहे.

दुरुस्ती झाल्यावर तो पारदर्शक पाईप अजून एक रात्र लाइनमध्ये राहू द्या. सकाळी सेल्फ मारायच्या आधी टॉर्च घेऊन बघा, पाईप काठोकाठ भरलेला असला पाहिजे, बुडबुडा नको. भरलेला दिसला की तो काढून नीट डिझेलचा रबरी पाईप आणि नव्या क्लिपा लावा. कौतुकाने तसाच ठेवू नका, साधा पारदर्शक पाईप डिझेलमध्ये आणि इंजिनच्या उष्णतेत काही महिन्यांत कडक होतो, टोकाशी तडकतो, आणि मग तोच हवा घ्यायला लागतो.